ऑपरेशन बिघडलं, पण चूक कुणाची? कॉस्मेटिक सर्जरीचे कागद कसे वाचायचे

माझ्याकडे येणारी माणसं आधी मोबाइल पुढे करतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मग झूम केलेला वण. मी बघते, वाईटही वाटतं, आणि विचारते, "केसपेपर आणलेत का?" बहुतेकांनी आणलेले नसतात. आणलेच तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं.

मी बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यातली अर्धीअधिक रात्रपाळीत. आता वकिलांसाठी फायली वाचते. कागद तारखेवार लावायचे, तासांचा हिशेब मांडायचा, नोंद कुठे तुटलीय ते दाखवायचं. तज्ज्ञ म्हणून मत द्यायचं काम सर्जनचं आणि निकाल न्यायाधीशांचा. माझं काम त्या दोघांच्या आधीचं. या फायली वाचून माझं एक मत ठाम झालंय. निष्काळजीपणा सुरीच्या टोकाशी क्वचित सापडतो. हे ऑपरेशन या माणसाचं करायचं का, हे जिथे ठरलं तिथे तो सापडतो, नाहीतर ऑपरेशननंतरच्या रात्री. म्हणून फाइल या दोन टोकांकडून वाचावी. ओटी नोट, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली सर्जनची नोंद, शेवटी.

कायदा काय विचारतो

बहुतेक देशांत दाव्याची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच असते. डॉक्टरने तुमची जबाबदारी घेतली होती का, त्यात कसूर झाली का, त्या कसुरीमुळेच इजा झाली का, आणि इजा किती. पहिल्यावर सहसा वाद होत नाही. तपासून उपचार सुरू केले की जबाबदारी आलीच. दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र घाम फोडतात.

कसूर मोजायची पट्टी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आली. त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीने उपचार झाले असतील, तर इतर डॉक्टरांनी वेगळं केलं असतं एवढ्यावरून कुणी निष्काळजी ठरत नाही. १९९७ मध्ये बोलिथो खटल्याने त्यात भर घातली: तज्ज्ञ साक्षीदार "आम्हीही असंच करतो" म्हणाले तरी ते म्हणणं तर्काला टिकलं पाहिजे. भारतातल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू निकालात बोलमचीच पट्टी धरली. थोडक्यात, दुसऱ्या डॉक्टरने तुमचा वण बघून नाक मुरडलं म्हणजे पहिला दोषी, असं होत नाही.

कुणाच्याही हातून बिघडू शकतं ते

रक्त साकळतं, पाणी साचतं, जंतुसंसर्ग होतो, टाके उसवतात, कातडीचा एखादा भाग काळा पडतो, बधिरपणा राहतो, वण जाड होतो, डावं-उजवं सारखं दिसत नाही. ही यादी कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीपत्रावर, छापलेली असते आणि ती खरी असते. उत्तम सर्जनच्या उत्तम दिवशीही यातलं काहीतरी होतं.

पोट आवळण्याचं ऑपरेशन घ्या. कातडी पोटाच्या स्नायूंवरून उचलून खाली ओढलेली असते, त्यामुळे मधल्या पोकळीत पाणी साचतं. याला सेरोमा म्हणतात. ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणारी नळी, लावतात तो त्यासाठीच, आणि चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या आत आला की तो काढायचा अशी सर्वसाधारण पद्धत आहे. ड्रेन वेळेवर काढूनही पाणी साचलं आणि चार वेळा सुईने काढावं लागलं, तर त्रास आहे, दावा नाही. पण चार्टवर दिवसाला दीडदोनशे मिलिलिटर दिसतंय आणि तरी डिस्चार्जच्या दिवशी ड्रेन काढलाय, तर मी त्या पानाला खूण करते. बिछाना रिकामा करायचा होता की दुसरं काही कारण होतं? कारण असेल तर लिहिलेलं असतं.

स्तनात बसवलेल्या इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करतं. ते आवळलं की स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. बेकरच्या श्रेणीत पहिली (सगळ्यात सौम्य), दुसरी, तिसरी, चौथी (सगळ्यात तीव्र) अशी त्याची नोंद करतात. चौथी श्रेणी झाली म्हणजे कुणी काही चुकीचं केलं असं नाही. नाकाच्या ऑपरेशननंतरची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, आणि सगळ्यात शेवटी उतरते ती शेंड्याची. म्हणून तीन महिन्यांनी "वाकडं झालं" म्हणून आलेल्यांना मी परत पाठवते. फक्त दोन गोष्टी विचारून: श्वास नीट घेता येतो का, आणि सुरुवातीच्या दिवसांत नाक आतून गच्च होऊन दुखत होतं का. नाकाच्या पडद्यात रक्त साकळलं असेल तर ते तातडीने काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते, पडद्याला भोक पडतं किंवा नाक खचतं.

बोटॉक्सनंतर पापणी लोंबली तर ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत जागेवर येते. त्यासाठी वकील गाठू नका.

ती रात्र

एक पान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची कातडी उचलून ताणण्याचं ऑपरेशन, दुपारी झालेलं. रात्री ९:१० ची नोंद: उजव्या गालात दुखते म्हणतात, इंजेक्शन दिले, बीपी १६८/१००. ११:४० ला: पुन्हा तक्रार, डॉक्टरांना फोनवर कळवले, सांगितल्याप्रमाणे दुसरे इंजेक्शन दिले. त्यापुढची नोंद थेट सकाळी सहाची: पेशंट कम्फर्टेबल. साडेसातला राऊंड, ड्रेसिंग उघडलं, उजवा गाल जांभळा आणि दगडासारखा, लगेच ओटी. बीपीचा रकाना ९:१० नंतर सकाळपर्यंत कोरा.

फेसलिफ्टनंतर रक्त साकळणं ही त्या ऑपरेशनची सगळ्यात नेहमीची गुंतागुंत, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या चोवीस तासांतच होते. वाढलेलं बीपी तिला हातभार लावतं. त्यामुळे रक्त का साकळलं, यावर मी वेळ घालवत नाही. बघायचं ते त्या पानावर. दुखणं एकाच बाजूचं आहे. इंजेक्शनने थांबत नाही, वाढतंय. बीपी चढलेलं आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की रात्रीच्या सिस्टरने ड्रेसिंगखाली बघायचं आणि डॉक्टरला बोलवायचं, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. साकळलेल्या रक्ताचा ताण कातडीचा रक्तपुरवठा तोडतो. वेळेवर उघडून काढलं तर कातडी वाचू शकते. इथे ११:४० ते ६ मध्ये काहीच नाही. मी रात्रपाळ्या केल्यात, त्यामुळे सहाच्या ठोक्याला "कम्फर्टेबल" हा शब्द कसा लिहिला जातो हे मला कुणी सांगायला नको. पेशंट झोपलेली असली तरी तो लिहितात, आणि कण्हत असली तरी.

तुमच्या फायलीचं असंच करा. एक वही घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात, त्रास पहिल्यांदा कधी जाणवला. दुसऱ्यात, तो कुणाला सांगितला. तिसऱ्यात, कुणी प्रत्यक्ष येऊन काय केलं. फोन केलेत तर कॉल लॉग बघून वेळ टाका, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तर पाठवल्याची वेळ आणि निळ्या टिकांचीही. आठवणीतून "संध्याकाळी कधीतरी" असं लिहू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं अंतर हेच बहुतेक दाव्यांचं पोट असतं.

किती अंतर जास्त, हे दुखण्यावर ठरतं. फिलरचं, म्हणजे चेहऱ्याला भरीव करायला कातडीखाली भरतात त्या द्रव्याचं, इंजेक्शन चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी तिथल्या तिथे पांढरी पडते, कधी त्यावर जाळीसारखी निळसर नक्षी उमटते, आणि दुखणं नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त असतं. हायलुरॉनिक अॅसिडचा फिलर विरघळवायला हायलुरोनिडेज नावाचं औषध असतं. ते त्याच खोलीत हवं. "मागवून घेतो" चालत नाही. भुवयांच्या मधला भाग आणि नाक या जागा खास धोक्याच्या, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद झाला तर नजर वाचवायला हातात तासदीड तास असतो, कधी तेवढाही नाही. अशा वेळी "थोडी सूज आहे, बर्फ लावा, उद्या या" असा मेसेज आलेला असेल तर तो डिलीट होऊ देऊ नका. अंधत्व ही त्या इंजेक्शनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, हे समोरचा वकील सांगेल आणि ते खरंही आहे. पण पांढरी पडलेली कातडी बघून बर्फाचा सल्ला देणं ही गुंतागुंत नव्हे.

पापणीच्या ऑपरेशननंतर डोळ्यामागे रक्त साकळलं तरी हिशेब असाच मिनिटांचा. डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं, ठणका, धूसर दिसणं ही त्याची लक्षणं.

लायपोसक्शनची रात्र वेगळी. चरबी काढण्याआधी कातडीखाली भरपूर पातळ द्रावण भरतात आणि त्यात लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं. या पद्धतीत किलोमागे ३५ ते ५५ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित मानतात, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण बारा तासांनी शिखराला पोचतं. म्हणजे माणूस घरी जाऊन झोपायच्या वेळेला. ओठ बधिर होणं, कानात आवाज, तोंडात धातूची चव, बडबड, मग झटके. फायलीत मी पेशंटचं वजन शोधते आणि लिडोकेन एकूण किती गेलं ते. वजनच लिहिलेलं नसेल तर मात्रा कशावरून ठरवली? पाच लिटरपेक्षा जास्त काढलं असेल तर रात्रभर देखरेखीखाली ठेवलं होतं का, हेही बघायचं. लायपोसक्शननंतर पोट फुगून कडक झालं, ताप आला, नाडी धावते आहे, तर चरबी ओढायची नळी पोटात आतवर गेली असण्याची शक्यता कुणीतरी विचारात घ्यायला हवी.

कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, किंवा अचानक धाप, म्हणजे पायात रक्ताची गाठ झाल्याचा किंवा ती सुटून फुप्फुसात गेल्याचा संशय. जखम दिसते त्यामानाने वेदना फार जास्त असतील, कातडीचा रंग भराभर बदलत असेल, तर झपाट्याने पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा. हे वाचताना यातलं काही तुम्हाला आत्ता होत असेल तर वाचन थांबवा आणि सर्वांत जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरचीच वाट बघत बसू नका.

आधीचं टेबल

आता उलट्या दिशेने या. पहिल्या भेटीचे कागद.

कन्सेंट फॉर्मवर सही आहे, म्हणजे संपलं, असं बहुतेकांना वाटतं. डॉक्टरांनाही वाटतं. सही ज्या वेळी झाली ती वेळ बघा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, पूर्वतयारीचं औषध दिल्यानंतर, ट्रॉलीवर झालेली सही मी किती फायलींत पाहिलीय ते मोजायचं सोडून दिलंय. मग बघा, समजावून सांगणारं कोण होतं. सर्जन, की समुपदेशक म्हणून बसवलेली विक्रीची मुलगी? ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये कॉस्मेटिक उपचारांसाठी नियम घातले, त्यात संमती घेण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरची स्वतःची आहे असं म्हटलंय, विचार करायला वेळ देणं बंधनकारक केलंय. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून मोठ्या कॉस्मेटिक ऑपरेशनच्या संमतीनंतर प्रौढांसाठीही किमान सात दिवस थांबावं लागतं. तुमच्या देशात असे नियम नसतील, पण चांगली पद्धत काय असते हे तज्ज्ञाला दाखवायला ते उपयोगी पडतात.

काय सांगायला हवं होतं, याचं उत्तर दोन खटल्यांत नीट मिळतं. १९९२ चा ऑस्ट्रेलियाचा: लहानपणापासून एका डोळ्याने जवळजवळ अंध असलेल्या बाईंना त्या डोळ्याचं ऑपरेशन सुचवलं, दिसायलाही बरं दिसेल आणि नजरही थोडी येईल म्हणून. चांगल्या डोळ्याला काही होणार नाही ना, याची त्यांना भारी धास्ती होती आणि त्या सारख्या विचारत होत्या. ऑपरेशन नीट झालं. पण दुर्मीळ प्रतिक्रियेने चांगला डोळाही गेला. धोका चौदा हजारांत एक. डॉक्टर हरले, कारण या बाईंसाठी तो धोका महत्त्वाचा होता आणि तो सांगितला गेला नाही. दुसरा, ब्रिटनमधला २०१५ चा माँटगोमेरी खटला. त्याने हीच दिशा पक्की केली: धोका सांगण्याजोगा आहे का हे डॉक्टरांच्या सवयीवरून ठरत नाही, त्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटला असता का यावरून ठरतं.

कॉस्मेटिक ऑपरेशनमध्ये हे जास्तच लागू पडतं, असं मला वाटतं. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला नको म्हणायची सोय नसते. नाक बारीक करायला आलेल्याला असते. त्यामुळे तुम्ही गायक आहात आणि आवाजाचा प्रश्न विचारला होता, किंवा यापूर्वी तुमचा वण जाड झाला होता आणि तुम्ही तो दाखवला होता, तर ते कुठे लिहिलंय का ते शोधा. मेसेजमध्ये, मेलमध्ये, पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर.

संमतीच्या मर्यादेबाहेर जाऊन काही केलं असेल तर तो प्रश्न वेगळाच आणि जास्त सरळ. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली निकालात सांगितलं, की तपासणीच्या प्रक्रियेला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायची संमती नव्हे. "आत गेलोच होतो म्हणून हनुवटीतही थोडं भरलं" हे या जातीचं.

आणि निवड. जिला सर्जनने परत पाठवायला हवं होतं तिचं ऑपरेशन केलं का? धूम्रपान कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं. कातडी उचलून ताणण्याच्या ऑपरेशनांआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे ते बंद ठेवायला सांगतात. मघाच्या त्या फेसलिफ्टच्या फायलीत पूर्वतपासणीचा छापील तक्ता होता. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अॅलर्जी: सगळ्यांपुढे "नाही"च्या चौकटीत एकाच झटक्यात मारलेल्या टिका, एकाच कलाने, एका खाली एक. बाई दिवसाला सातआठ सिगारेटी ओढायच्या आणि कुणी विचारलं असतं तर लपवल्या नसत्या, असं त्यांचं म्हणणं. त्या टिकांचा कल बघून मी वकिलांना सांगितलं, हे विचारून भरलेलं नाही.

आरशातल्या न दिसणाऱ्या दोषाने झपाटलेली, चार डॉक्टर फिरून आलेली, पाचव्या ऑपरेशनची मागणी करणारी माणसंही असतात. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर हा मानसिक आजार आहे आणि ऑपरेशनने तो सहसा बरा होत नाही. तिथे थांबवून मानसोपचाराकडे पाठवणं हाच योग्य उपचार.

हमी दिली असेल तर वाट थोडी निराळी होते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९२९ साली निकालात निघालेला एक खटला कायद्याच्या वर्गात आजही शिकवतात. एका मुलाच्या तळहातावर विजेच्या तारेने भाजल्याचा वण होता. डॉक्टरने शंभर टक्के चांगला हात करून देतो म्हटलं आणि छातीची कातडी लावली. तळहातावर केस उगवले. भरपाई ठरली ती कबूल केलेला हात आणि मिळालेला हात यांतल्या फरकावर. १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका मनोरंजन क्षेत्रातल्या बाईंच्या नाकाचं असंच झालं: निष्काळजीपणा ज्यूरीने नाकारला, पण दिलेला शब्द मोडल्याबद्दल भरपाई दिली. म्हणून जाहिरात, ब्रोशर, "रिझल्ट गॅरंटीड" असा व्हॉइस मेसेज, सगळं जपून ठेवा. नुसतं "छान होईल हो, काळजी करू नका" याला मात्र न्यायालयं हमी मानायला राजी नसतात.

जिथे फारसं समजावावं लागत नाही

आत राहिलेला कापसाचा बोळा. चुकीची बाजू. साध्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसताना दिलेली पूर्ण भूल. ऑक्सिजनची नोंदच नसलेला भुलीचा चार्ट. सावळ्या कातडीवर चाचणी न घेता मारलेला लेझर आणि त्याचे चौकोनी चटके. नितंबात चरबी भरण्याच्या ऑपरेशनमध्ये स्नायूत गेलेली चरबी: तिथल्या मोठ्या शिरा फाटून चरबी हृदयात आणि फुप्फुसात जाते. २०१७ च्या एका पाहणीत या ऑपरेशनमधल्या मृत्यूचं प्रमाण तीन हजारांत एक इतकं निघालं, आणि २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांच्या संयुक्त गटाने चरबी फक्त कातडीखालच्या थरात भरा असा इशारा दिला. त्यानंतरचं ऑपरेशन असेल तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड.

ऑपरेशन केलं कोणी, हेही इथेच तपासा. पाटीवरचं नाव, कन्सेंटवरचं नाव आणि ओटी नोटवरची सही एकच आहे का? डॉक्टरच्या नोंदणीचा क्रमांक घेऊन तुमच्या देशाच्या वैद्यकीय परिषदेच्या यादीत बघा. "कॉस्मेटिक सर्जन" ही पाटी लावायला अनेक ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण लागत नाही.

कधी डॉक्टर निर्दोष आणि वस्तू दोषी. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलं, ते २०१० मध्ये उघड झालं आणि तिच्या संस्थापकाला २०१३ मध्ये शिक्षा झाली. जुलै २०१९ मध्ये अॅलर्गनने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत बोलावले, कारण त्यांचा लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध दिसत होता. म्हणून इम्प्लांटचं कार्ड, स्टिकर, लॉट नंबर शोधा. ओटी नोटला चिकटवलेला असतो. वर्षांनंतर एका बाजूला अचानक सूज आली तर तो नंबर तुमच्या डॉक्टरला आधी लागेल, वकिलाला नंतर.

आता करायचं काय

आधी तब्येत. दुसऱ्या सर्जनकडे जा, आणि त्याला "पहिल्याने चूक केली ना?" असं विचारू नका. कुणीही सहकाऱ्याविरुद्ध तोंडी बोलत नाही, आणि बोललाच तर लिहून देत नाही. विचारा, "आत्ता काय आहे, काय करता येईल, किती उरेल?" याचं लेखी उत्तर मिळतं, आणि इजा किती हे सिद्ध करायला तेच लागतं.

मग कागद. अर्ज लेखी करा, पोच घ्या, आणि "संपूर्ण फाइल" एवढंच लिहू नका. नावानिशी मागा: पहिल्या भेटीच्या नोंदी, पूर्वतपासणी, संमतीपत्र, भुलीचा चार्ट, ओटी नोट, इम्प्लांट स्टिकर, सिस्टरच्या नोंदी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपीचा तक्ता, ड्रेनचा तक्ता, औषधांचा तक्ता, हॉस्पिटलने काढलेले फोटो. सिस्टरच्या नोंदी लोक मागतच नाहीत, आणि तीच माझी पहिली वाचण्याची पानं. डॉक्टर दिवसातून एकदा लिहितो. सिस्टर तासातासाला लिहिते, आणि लिहिलं नाही तर त्या रिकाम्या जागेलाही वेळ असते. नंतर घुसवलेली नोंद बहुतेकदा ओळखू येते: दोन ओळींच्या मध्ये दाटीने बसवलेली, शाई वेगळी, किंवा दिवसभराच्या त्रोटक नोंदींत एकच भली लांबलचक सफाईदार.

रोज एक फोटो काढा. त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून, फिल्टर न लावता, शेजारी मोजपट्टी धरून. वण पिकतो, बदलतो. सहा महिन्यांनी आजचा वण परत मिळत नाही.

फुकट रिव्हिजन (दुरुस्तीचं ऑपरेशन) किंवा पैसे परत देऊ केले तर घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. घ्यायला हरकत नाही, पण सोबत आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" ही ओळ त्यात बहुधा असते. आणि इंटरनेटवर नाव घेऊन शिव्या घालू नका. राग खरा असेल, पण बदनामीचा दावा उलट तुमच्यावर येतो आणि तुमची पोस्ट साक्षीत वाचली जाते.

तिसऱ्या प्रश्नावर दावे पडतात

कसूर सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. तिसरा प्रश्न उरतोच: त्या कसुरीमुळेच इजा झाली का? त्या फेसलिफ्टच्या फायलीत समोरच्यांनी अगदी हेच विचारलं: मध्यरात्री उघडलं असतं तरी कातडी वाचली असती कशावरून? बाई सिगारेट ओढायच्या, कातडी कशीही गेली असती. आमच्या तज्ज्ञाने उत्तर दोन्ही बाजूंनी दिलं. पहिल्या काही तासांत ताण उतरवला असता तर कानामागची कातडी बहुधा वाचली असती; आणि सिगारेटचं म्हणाल तर ती विचारायची जबाबदारी तुमची होती, तुमच्या तक्त्यावर "नाही" आहे. प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही, तडजोड झाली.

तुमची बाजूही तेवढ्याच कडक नजरेने वाचा. ऑपरेशननंतरचा आवळून धरणारा पट्टा दिवसभर घालायला सांगितला होता आणि घातला नाही, फॉलोअपच्या दोन तारखा चुकवल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेता हे सांगितलं नाही, तर ते समोरच्याच्या फायलीत असेल. वकिलाला ते आधी तुमच्या तोंडून कळलेलं बरं. अनेक देशांत अशा वेळी दावा पूर्ण पडत नाही, भरपाई कापली जाते.

मुदतीची चौकशी पहिल्या आठवड्यात करा. इंग्लंडमध्ये इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून साधारण तीन वर्षं, भारतात ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं, अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. "सूज उतरू दे, मग बघू" आणि फुकट रिव्हिजनच्या वाटाघाटी यांत ही वर्षं कशी जातात ते कळत नाही. वाट बघायची असेल तर बघा, नाकाला तर बघावीच लागते. पण कागद मागवायला सूज उतरायची गरज नाही.

तज्ज्ञाला पत्र जाईल तेव्हा वकिलाला दोन वाक्यं त्यात घालायला सांगा. "निष्काळजीपणा झाला का?" हा प्रश्न तज्ज्ञाला आवडत नाही आणि त्याचं उत्तरही गुळमुळीत येतं. त्याऐवजी तुमच्या वहीतली ती वेळ घाला: "रात्री ११:४० ला ही लक्षणं कळवली गेली. त्या वेळी जबाबदार सर्जनने काय केलं असतं, आणि ते केलं असतं तर सकाळी काय चित्र असतं?"